पुरावा सरहद्द कशी ओलांडतो

घणसोलीच्या आगरी-कोळी घरांत होडीच्या इंजिनाचा नंबर ही काही नवलाची गोष्ट नाही. नोंदणीला तो लागतो, विम्याला लागतो, इंजिन चोरीला गेलं तर तक्रारीत आधी तोच लिहावा लागतो. अशाच एका नंबराने तपास करणाऱ्यांना थेट जपान, लाहोर आणि कराचीच्या दुकानापर्यंत नेलं होतं. ते कसं घडलं हे समजून घेताना मी अजूनही थक्क होतो.

गावाच्या पश्चिमेची खाडी दक्षिणेला वाशीच्या पुलाखालून, ट्रॉम्बेच्या कडेने, घारापुरीला डावीकडे ठेवत मुंबई बंदरात उतरते. तिथून कुलाब्याच्या टोकाला वळसा घातला की कफ परेडची मच्छीमार वस्ती लागते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री बधवार पार्कजवळच्या त्या किनाऱ्याला एक रबरी डिंगी लागली आणि तिच्यातून पाठीवर जड पिशव्या घेतलेले तरुण उतरले. पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट त्यांनी वाटेत पळवली होती. तिच्यावरच्या खलाशांना मारलं, तांडेलाकडून बोट मुंबईजवळ आणवली आणि मग त्यालाही मारलं. पुढच्या साठ तासांत मुंबईत १६६ माणसं गेली. ‘कुबेर’वरचे खलाशी आणि किनाऱ्यावर त्या तरुणांना ‘कोण तुम्ही’ म्हणून हटकणारे लोक, दोघेही मासेमारीवर जगणारे. म्हणून खाडीकाठच्या गावाला ही गोष्ट परकी नाही.

डिंगी पोलिसांच्या हाती लागली. तिला यामाहा कंपनीचं इंजिन होतं. मुंबई पोलिसांपुढचा पहिला प्रश्न अगदी साधा होता: हे इंजिन कुणी विकलं, कुणाला विकलं? उत्तर कारखान्याच्या विक्रीच्या नोंदींत होतं आणि कारखाना जपानचा होता.

समजा, रबाळे पोलीस ठाण्यातल्या एखाद्या अधिकाऱ्याला जपानमधली ती नोंदवही पाहायची आहे. त्याच्या अंगावर वर्दी आहे, हातात तपासाचे कागद आहेत, न्यायालय त्याच्या पाठीशी आहे. तरीही परक्या भूमीवर पाऊल टाकताच त्याचा अधिकार संपतो. तिथे तो फक्त एक पाहुणा. त्याने स्वतःच्या बळावर कुणाची चौकशी केली, कपाट उघडायला लावलं, तर त्या देशाच्या कायद्याने तोच अडचणीत येईल. जगात सगळ्या देशांवर चालणारं असं एकही पोलीस खातं नाही. सिनेमांत ‘इंटरपोलचे अधिकारी’ बंदुका घेऊन धावतात, पण खऱ्या इंटरपोलला कुणालाही अटक करण्याचा अधिकार नाही. १९६ सदस्य देशांच्या पोलिसांमध्ये निरोप पोचवणारी ती संस्था आहे. वर्तमानपत्रांत वाचतो ती ‘रेड कॉर्नर नोटीस’ म्हणजे, ‘हा माणूस आम्हाला हवा आहे, दिसला तर कळवा, तुमच्या कायद्यात बसत असेल तर रोखून ठेवा’ अशी विनंती. रोखायचं की नाही, हे त्या त्या देशाने ठरवायचं.

मग काम होतं कसं? पत्राने. मला यात सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच. तपास अधिकारी आपल्या इथल्या फौजदारी न्यायालयाकडे, घणसोलीपुरतं बोलायचं तर बेलापूरच्या, अर्ज करतो. न्यायालयाला पटलं तर ते परदेशातल्या न्यायालयाच्या किंवा अधिकाऱ्याच्या नावे विनंतीपत्र काढतं: अमुक साक्षीदाराला अमुक प्रश्न विचारा, अमुक कागद मिळवून मोहोरबंद पाठवा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत यासाठी १६६-अ हे कलम १९९० मध्ये घातलं गेलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच ११२ क्रमांकाचं कलम आहे. पत्र दिल्लीला गृह मंत्रालयात जातं, तिथून समोरच्या देशाच्या ठरलेल्या कार्यालयात आणि तिथून त्यांच्या पोलिसांच्या किंवा न्यायाधीशांच्या टेबलावर. भाषांतर, नियमांची ताडणी, शंका, खुलासे. महिने जातात, कधी वर्षं जातात. पण उत्तर आलं की तो कागद आपल्या न्यायालयात पुरावा म्हणून उभा राहू शकतो. बेलापूरचा न्यायाधीश ज्याला कधी भेटणार नाही असा लांबचा न्यायाधीश त्याच्या शब्दावर आपल्या पोलिसांना कामाला लावतो. या देवघेवीमागे सैन्य नाही, जबरदस्ती नाही.

२६/११ च्या तपासात या वाटेला एक वेगवान फाटा मिळाला. मृतांमध्ये सहा अमेरिकन नागरिक होते. आपला नागरिक परदेशात दहशतवाद्यांकडून मारला गेला तर अमेरिकेच्या कायद्याने तो तिथेही गुन्हा ठरतो. त्यामुळे एफबीआयला मुंबईला केवळ मदत करायची नव्हती, तिचा स्वतःचा तपास चालू होता. भारत आणि अमेरिका यांच्यातला परस्पर कायदेशीर साहाय्याचा करारही २००५ पासून लागू होता. एफबीआयच्या तज्ज्ञांनी हल्लेखोरांची जीपीएस यंत्रं उघडली आणि त्यांच्यात साठलेला समुद्रातला मार्ग वाचला. इंजिनाचा माग काढला. पुढे त्यांनी मुंबईच्या विशेष न्यायालयात साक्षही दिली.

त्याहून थक्क करणारी गोष्ट पाकिस्तानातून आली. तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेचे, एफआयएचे, तपासाच्या वेळचे प्रमुख तारिक खोसा यांनी ऑगस्ट २०१५ मध्ये ‘डॉन’ या वृत्तपत्रात सविस्तर लेख लिहिला. इंजिनावरच्या क्रमांकावरून त्याची जपानहून लाहोरला झालेली आयात सापडली, तिथून ते कराचीतल्या खेळाच्या सामानाच्या एका दुकानात गेल्याचं कळलं आणि लष्कर-ए-तय्यबाशी संबंधित माणसाने डिंगीसकट ते तिथून विकत घेतल्याचं निष्पन्न झालं, असं त्यांनी त्यात मांडलं. हल्ल्यासाठी वापरलेलं जहाज नंतर रंग बदलून लपवलेलं होतं, तेही त्यांच्या लोकांनी शोधून काढलं होतं. मुंबईच्या पोलिसाने एका टोकाने ओढलेला धागा शत्रू समजल्या जाणाऱ्या देशातल्या पोलिसाने दुसऱ्या टोकाने ओढावा आणि दोघं एकाच गाठीशी यावेत! कट रचणारे कोण, या प्रश्नावर दोन्ही सरकारं वर्षानुवर्षं भांडत राहिली. नंबर मात्र दोन्हीकडे एकच निघाला.

फोनचा मागही असाच लांबवर गेला. हल्ला चालू असताना हॉटेलांत आणि नरिमन हाऊसमध्ये असलेल्या दहशतवाद्यांना सूचना येत होत्या आणि आपल्या यंत्रणा ते संभाषण ऐकत होत्या. आवाज पाकिस्तानातून येत होता, पण फोनवर उमटणारा क्रमांक ऑस्ट्रियाचा होता. इंटरनेटवरून फोन जोडून देणाऱ्या अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या एका कंपनीकडून ते क्रमांक घेतले होते. आता त्या कंपनीकडे पैसे कुठून आले? त्यातली एक रक्कम इटलीतल्या ब्रेशा शहरातून गेली होती, हल्ल्याच्या आदल्याच दिवशी. रक्कम होती सुमारे २२९ डॉलर. पैसे पाठवून देणारं दुकान चालवणाऱ्या पितापुत्रांना इटलीच्या पोलिसांनी नोव्हेंबर २००९ मध्ये ताब्यात घेतलं. गुन्हेगारांनी प्रत्येक टप्पा वेगळ्या देशात ठेवला होता, कारण एका देशाचा पोलीस पुढच्या देशात पोचत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी नोंद ठेवलेली असेल आणि ती मागितली तर मिळेल, हा हिशेब त्यांनी धरला नव्हता.

१२ फेब्रुवारी २००९ रोजी पाकिस्तानचं गृह खातं सांभाळणारे रहमान मलिक यांनी जाहीरपणे मान्य केलं की कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजला. जिवंत पकडलेल्या कसाब या एका आरोपीइतकाच या निर्जीव नोंदींचा त्यात वाटा होता, असं मला वाटतं.

वस्तू आणि नोंदी पाकिटातून पाठवता येतात. माणूस कसा पाठवायचा? डेव्हिड हेडली हा अमेरिकन नागरिक हल्ल्याआधी अनेकदा मुंबईत येऊन ठिकाणांची टेहळणी करून गेला होता. ऑक्टोबर २००९ मध्ये तो शिकागोच्या विमानतळावर पकडला गेला. मार्च २०१० मध्ये त्याने गुन्हा कबूल करताना तिथल्या सरकारी वकिलांशी करार केला: फाशी होणार नाही, भारताच्या ताब्यात देणार नाही, बदल्यात मागेल तिथे साक्ष द्यायची. परदेशातल्या खटल्यांतही, आणि व्हिडिओवरूनसुद्धा. अनेकांना हा सौदा तेव्हा झोंबला. मलाही तो आवडत नाही, पण त्यातल्या शेवटच्या अटीनेच पुढे वाट उघडली. मुंबईच्या न्यायालयाने त्याला माफीचा साक्षीदार केलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तो अमेरिकेतल्या तुरुंगातून पडद्यावर दिसू लागला. न्यायाधीश गोविंद सानप मुंबईत, सरकारी वकील उज्ज्वल निकम मुंबईत, साक्षीदार अर्ध्या पृथ्वीपलीकडे.

पडद्यावरची साक्ष आपल्या कायद्यात बसते का, हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी मुंबईच्याच एका खटल्यात सुटला होता. महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणात एका अमेरिकन डॉक्टरांची साक्ष हवी होती आणि ते भारतात यायला तयार नव्हते. साक्ष ‘आरोपीच्या उपस्थितीत’ नोंदवावी असं कायदा म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगितलं की साक्षीदार दिसतो, ऐकू येतो, त्याला प्रश्न विचारता येतात, मग ती उपस्थितीच आहे. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यातलं हे उत्तर तेरा वर्षांनी दहशतवादाच्या खटल्यात कामी आलं. मार्च २०१६ मध्ये आरोपी झबिउद्दीन अन्सारीच्या वकिलांनी त्याच पडद्यावर हेडलीची उलटतपासणी घेतली. हा अन्सारी बीड जिल्ह्यातल्या गेवराईचा. २०१२ च्या जूनमध्ये सौदी अरेबियाने त्याला भारताकडे पाठवलं होतं.

या सगळ्या व्यवहाराचा कणा म्हणजे उलटतपासणी. ती गाळली की काय होतं हे आपण स्वतः अनुभवलं आहे. मार्च २०१२ मध्ये पाकिस्तानचा न्यायिक आयोग मुंबईला आला. तिकडे रावळपिंडीला चाललेल्या खटल्यासाठी त्यांना इथले साक्षीदार हवे होते: कसाबचा कबुलीजबाब नोंदवणाऱ्या न्यायदंडाधिकारी, तपास अधिकारी रमेश महाले, शवविच्छेदन करणारे डॉक्टर. जबाब नोंदवले गेले, पण पाकिस्तानी बचाव पक्षाच्या वकिलांना प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. तिकडच्या न्यायालयाने तो सगळा दस्तऐवज पुरावा म्हणून नाकारला. दीड वर्षाने, सप्टेंबर २०१३ मध्ये, आयोग परत आला, या वेळी उलटतपासणीच्या परवानगीसह. त्याच साक्षीदारांनी शांतपणे पुन्हा उत्तरं दिली. दोन्ही भेटींच्या मधल्या काळात, ३ मे २०१३ रोजी, त्या खटल्यातले पाकिस्तानचे सरकारी वकील चौधरी झुल्फिकार अली यांची इस्लामाबादमध्ये गोळ्या घालून हत्या झाली. मुंबईतल्या मृतांच्या बाजूने उभे राहणाऱ्यांत हे नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही. ते घेतलं पाहिजे.

परक्या न्यायालयाला आपल्या न्यायालयाबद्दल खात्री कशी वाटते? आपण घरी कसे वागतो त्यावरून. कसाबचा खटला पाहा. त्याला वकील दिला गेला, सर्वोच्च न्यायालयात त्याच्या बाजूने राजू रामचंद्रन यांच्यासारखे ज्येष्ठ वकील न्यायमित्र म्हणून उभे राहिले. फाशी कायम झाली. पण त्याच खटल्यात त्याच्याबरोबर उभे केलेले दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले आणि ती सुटका सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. इतक्या संतापाच्या काळात न्यायालय ‘पुरावा पुरेसा नाही’ म्हणू शकतं, हे बाहेरच्या देशांच्या न्यायाधीशांनी वाचलेलं असतं.

मराठी माणसाला सरहद्द आणि आरोपी यांचं हे नातं नवं नाही. ८ जुलै १९१० रोजी विनायक दामोदर सावरकरांनी मार्सेय बंदरात ‘मोरिया’ बोटीवरून समुद्रात उडी घेतली. फ्रेंच पोलिसाने किनाऱ्यावर त्यांना धरून इंग्रजांच्या हवाली केलं. फ्रान्सच्या भूमीवरून माणूस असा नेता येतो का, यावर फ्रान्स आणि ब्रिटन द हेगच्या लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्याने सोपवण्यात चूक झाल्याचं मान्य केलं, तरी ब्रिटनवर त्यांना परत करण्याचं बंधन नाही असं ठरवलं. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पुस्तकांत हा खटला आजही सावरकरांच्या नावानेच शिकवला जातो. त्या निवाड्यातला अन्याय डोळ्यांपुढे ठेवला की प्रत्यार्पणाच्या आजच्या कटकटीच्या अटींचं मोल कळतं.

त्या अटी किती खऱ्या असतात याचं उदाहरण कितीतरी वर्षं आपल्या नवी मुंबईतच, तळोजा कारागृहात, होतं. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मारली गेली. त्यातला आरोपी अबू सालेम सप्टेंबर २००२ मध्ये लिस्बनला सापडला. पोर्तुगालमध्ये फाशी नाही, जन्मठेपही नाही. शिक्षेची कमाल मर्यादा २५ वर्षं. भारताचा त्या देशाशी प्रत्यार्पणाचा करारही नव्हता. दिल्लीने डिसेंबर २००२ मध्ये प्रत्यार्पण कायदा पोर्तुगालला लागू केल्याची अधिसूचना काढली आणि १७ डिसेंबरला उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी देशाच्या वतीने लेखी शब्द दिला: फाशी देणार नाही, २५ वर्षांपेक्षा जास्त कैद ठेवणार नाही. न्यायालयीन लढाई संपून नोव्हेंबर २००५ मध्ये सालेम मुंबईत आला.

इथे आल्यावर त्याच्यावर आणखी काही कलमं लावली गेली. ज्या गुन्ह्यासाठी माणूस सोपवला त्याच गुन्ह्यासाठी खटला चालवायचा, हा प्रत्यार्पणाचा मूळ नियम. पोर्तुगालच्या न्यायालयांनी हरकत घेतली, प्रत्यार्पणच रद्द झाल्याचं म्हटलं. शेवटी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने काही आरोप मागे घेतले गेले. ७ सप्टेंबर २०१७ रोजी विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप ठोठावली. ११ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की शिक्षा कायम, पण देशाने दिलेला शब्द देशावर बंधनकारक आहे आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून २५ वर्षं भरल्यावर सरकारने त्याप्रमाणे पावलं उचलावीत. स्फोटांत आपलं माणूस गमावलेल्या घरांना हे ऐकताना काय वाटलं असेल याची कल्पना करवत नाही. तरीही मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी शब्द मोडला असता तर पुढचा फरार आरोपी कोणत्या देशाने कशाच्या भरवशावर दिला असता?

आणि पुढचा आरोपी होताच. तहव्वूर राणा, हेडलीचा मित्र, मूळचा पाकिस्तानी, कॅनडाचा नागरिक, शिकागोत धंदा. अमेरिकेच्या ज्यूरीने २०११ मध्ये त्याला मुंबई हल्ल्याच्या आरोपातून सोडलं, इतर आरोपांत दोषी धरलं. भारताने मागणी केली तेव्हा त्याचा युक्तिवाद बिनतोड वाटावा असा होता: एकाच गोष्टीसाठी दोनदा खटला कसा? मे २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने दोन्ही देशांच्या आरोपांची कलमवार तुलना केली. भारताचे आरोप सिद्ध करायला वेगळ्या गोष्टी दाखवाव्या लागतात, म्हणून ते वेगळे गुन्हे, असा निष्कर्ष निघाला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली आणि १० एप्रिल २०२५ रोजी त्याचं विमान दिल्लीला उतरलं. हल्ल्यानंतर सोळा वर्षांनी. एका परक्या देशातल्या न्यायाधीशांनी आपल्या दंडसंहितेची कलमं इतक्या बारकाईने वाचली, ही गोष्ट मला विमानाच्या त्या छायाचित्रांपेक्षा अधिक भव्य वाटते.

हा व्यवहार एकेरी नाही. खाडीच्या पलीकडे मीरा रोडला ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथली पोरं रात्रभर अमेरिकेत फोन करून ‘तुमचा कर थकला आहे, पोलीस येतील’ अशी भीती घालत होती. पैसे भरणाऱ्यांत म्हातारी माणसं होती, नुकते तिकडे स्थायिक झालेले लोक होते. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने ६१ व्यक्ती आणि संस्थांवर आरोपपत्र जाहीर केलं. २०१८ मध्ये तिथल्या २१ जणांना वीस वर्षांपर्यंतच्या शिक्षा झाल्या. म्हणजे कधी पत्र आपल्याकडून जातं, कधी आपल्या दारी येतं. येणाऱ्या पत्रासाठी नव्या संहितेत ११३ क्रमांकाचं कलम आहे: परदेशी न्यायालयाने विनंती केली तर आपल्या न्यायदंडाधिकाऱ्याने साक्षीदार बोलवावा, जबाब घ्यावा किंवा पोलिसांकडे पाठवावं. जानेवारी २०२५ पासून सीबीआयचं ‘भारतपोल’ संकेतस्थळ चालू आहे. जिल्ह्यातल्या पोलिसाला इंटरपोलमार्फत मदत मागायला आता टपालाच्या फेऱ्या घालाव्या लागत नाहीत आणि बाहेरून आलेली विनंतीही त्याच वाटेने खालपर्यंत पोचते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात आज इतकी माहिती तंत्रज्ञानाची कार्यालयं आहेत की ओहायोतल्या एखाद्या आजीबाईंच्या तक्रारीतला पत्ता उद्या घणसोलीचा निघू शकतो. तेव्हा त्या विनंतीला उत्तर देण्याची पाळी आपल्या पोलिसांची आणि बेलापूरच्या न्यायालयाची असेल.